जुन्या ट्रॅक्टरचं चार्जिंग: नवी बॅटरी आणण्याआधी काय काय तपासायचं

सकाळी ट्रॅक्टर सेल्फ उचलत नाही. मग दोन-चार जणांना हाक मारून ढकलायचा, नाहीतर रात्रीच आठवणीने उतारावर लावायचा, आणि हंगाम आटोपला की नवी बॅटरी आणायची. जुना ट्रॅक्टर असलेल्या बऱ्याच घरांत हे असंच चालतं. नवी बॅटरी महिना-दोन महिने चांगली चालते आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न, कारण मुळात बॅटरीपर्यंत चार्जिंग पोचतच नसतं. दोष एखाद्या ढिल्या पट्ट्यात, रंगाखाली गेलेल्या अर्थच्या (ट्रॅक्टरच्या अंगाला जोडलेल्या वायरीच्या) बोल्टमध्ये किंवा डायनामोतल्या, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्रातल्या, झिजलेल्या कार्बनच्या तुकड्यात असतो आणि भुर्दंड बॅटरीचा पडतो.

मला हे मनापासून वाटतं की चार्जिंगची तपासणी प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याला स्वतःला यायला हवी. गुंडाळी भरणं किंवा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) बदलणं हे इलेक्ट्रिशियनचं काम. पण दोष बॅटरीत आहे, वायरिंगमध्ये आहे की डायनामोत, एवढं एका मल्टीमीटरवर अर्ध्या तासात कळतं. साधा मल्टीमीटर काही शे रुपयांत मिळतो. त्याशिवाय १२ व्होल्टचा एक बल्ब दोन वायरी जोडून तयार ठेवा, त्याला टेस्ट लॅम्प म्हणतात. पाने, पॉलिश पेपर आणि तारेचा ब्रश घरात असतोच.

कामाला हात घालण्याआधी

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा, गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकाला पुढून-मागून दगड. पुढच्या बऱ्याच तपासण्या इंजिन चालू ठेवून करायच्या आहेत, आणि पंख्याचा पट्टा हाताच्या वितीवर फिरत असतो. उपरणं, मफलर, ओढणी, सैल बाह्या, हातातलं कडं सगळं काढून ठेवा.

एक गोष्ट कधीही करू नका. सेल्फ चालत नाही म्हणून खाली उभं राहून स्टार्टरच्या दोन टर्मिनलवर स्क्रूड्रायव्हर टेकवून इंजिन चालू करायची सवय अनेकांना असते. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिलेला असेल तर तो त्याच क्षणी पुढे येतो, आणि माणूस मागच्या मोठ्या चाकाच्या तोंडाशी उभा असतो. अशा प्रकारात माणसं गेली आहेत. चालू करायचं ते सीटवर बसूनच.

चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून जवळ विडी, काडी किंवा ठिणगी नको. वायरी सोडताना अर्थची वायर आधी सोडायची आणि जोडताना ती शेवटी जोडायची. हा क्रम पाळला तर दुसऱ्या टर्मिनलवरचा पाना चुकून ट्रॅक्टरच्या अंगाला लागला तरी शॉर्ट होत नाही. ॲसिड अंगावर उडालंच तर भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यात गेलं तर पाण्याने धुत राहून थेट दवाखाना गाठा.

तुमच्या ट्रॅक्टरवर डायनामो आहे की आल्टरनेटर?

दोन्ही पट्ट्यावर फिरून वीज बनवतात. कुठलं आहे याचं उत्तर मॉडेलवरून देऊ नका, यंत्राकडे बघून द्या. इंटरनॅशनल बी-२७५, मॅसी १०३५, झेटर २५११ अशा जुन्या पिढीच्या ट्रॅक्टरांवर मूळचा डायनामो असायचा. पण एवढ्या वर्षांत कुणी ना कुणी त्यात बदल केलेला असतो. त्यामुळे एकाच मॉडेलच्या दोन ट्रॅक्टरांची वायरिंग वेगळी निघते.

डायनामो लांबट, नळकांड्यासारखा आणि बंद अंगाचा असतो. त्याच्यावर दोनच टर्मिनल असतात: जाड वायरीचं 'डी' आणि बारीक वायरीचं 'एफ'. त्या दोन वायरी वेगळ्या बसवलेल्या एका काळ्या डबीकडे जातात. गावात त्या अख्ख्या डबीला कटआउट म्हणतात, पण तिच्या आत दोन कामं चालतात. रेग्युलेटर व्होल्टेज आवरतो, आणि कटआउट इंजिन बंद किंवा मंद असताना बॅटरीचा करंट डायनामोत उलटा शिरू देत नाही. आल्टरनेटर आखूड, जाडसर, ॲल्युमिनियमच्या अंगाचा असतो. त्याला हवा जायला फटी असतात आणि पुलीमागे छोटा पंखा असतो.

दुसरी पाहायची गोष्ट म्हणजे बॅटरीचं कुठलं टर्मिनल ट्रॅक्टरच्या अंगाला जोडलंय. बहुतेक ठिकाणी निगेटिव्ह अर्थला असतं. ब्रिटिश घडणीच्या काही जुन्या ट्रॅक्टरांत मात्र पॉझिटिव्ह अर्थला असायचं. आल्टरनेटर असलेल्या ट्रॅक्टरला बॅटरी उलटी जोडली तर त्याचे डायोड क्षणात जळतात. खाली जिथे निगेटिव्ह म्हटलंय तिथे तुमच्याकडची अर्थची बाजू समजा. पॉझिटिव्ह अर्थ असेल तर मीटरवर आकड्याआधी उणे चिन्ह दिसेल, आकडा तोच धरायचा.

पहिला आकडा: बॅटरी

ट्रॅक्टर रात्रभर उभा राहिल्यावर सकाळी चावी न लावता मोजा. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा आणि दोन्ही सुया थेट शिशाच्या टर्मिनलवर टेकवा, वायरीच्या लगवर (टोकाच्या धातूच्या कडीवर) नको. १२.६ किंवा जास्त म्हणजे बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. साडेदहाच्या आसपास आकडा येत असेल तर सहापैकी एक सेल मेलेला असण्याची शक्यता मोठी आहे, कारण प्रत्येक सेलचे दोन व्होल्टच्या थोडे वर असतात.

आता एकाला सीटवर बसवून सेल्फ मारायला सांगा आणि मीटरकडे बघा. सेल्फ फिरत असताना आकडा साडेनऊच्या वर टिकला पाहिजे. बॅटरी भरलेली असूनही तो धाडकन सात-आठवर आला तर बॅटरी थकली आहे किंवा स्टार्टर जड चालतोय. आकडा १२ वरच राहिला आणि सेल्फ नुसता 'टक' वाजला, तर बॅटरी ठीक आहे. मग वायरी, सोलेनॉइड (स्टार्टरला करंट जोडणारा स्विच) नाहीतर स्टार्टर बघा.

झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर पाणी प्लेटांच्या वर बोटाच्या जाडीएवढं हवं. फक्त डिस्टिल्ड वॉटर घालायचं. विहिरीचं, बोअरचं किंवा पिण्याच्या फिल्टरचं पाणी नको, आणि ॲसिड तर वरून कधीच घालू नका. बॅटरीच्या दुकानात हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजणारी नळी) असतो, त्याने सहाही सेल तपासून घ्या. आपल्या हवामानातल्या भरलेल्या बॅटरीत आकडा १.२४० ते १.२६० च्या दरम्यान येतो. पाच सेल सारखे आणि एक ०.०५० ने मागे असेल, तर तो सेल बॅटरी घेऊन जाणार हे नक्की.

बॅटरी उतरलेली असेल तर पुढच्या तपासण्यांआधी ती बाहेर चार्जिंगला लावा. ८० अँपिअर-तासांच्या बॅटरीला ८ अँपिअरने दहा-बारा तास, म्हणजे क्षमतेच्या एक दशांशाने सावकाश. रिकाम्या बॅटरीवर घेतलेले चार्जिंगचे आकडे फसवतात.

दुसरा आणि तिसरा आकडा: इंजिन चालू

इंजिन चालू करून दोन-तीन मिनिटं जाऊ द्या. मीटर परत बॅटरीवर लावा आणि हँड एक्सिलेटर ओढून इंजिन मिनिटाला दीड हजार फेऱ्यांच्या आसपास, म्हणजे पीटीओवर (अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्यावर) काम करताना असतं तसं, स्थिर ठेवा. आकडा १३.८ ते १४.५ च्या मध्ये आला तर चार्जिंग व्यवस्थित आहे. मग सगळे दिवे लावा. आकडा थोडा उतरेल, पण १३.५ च्या खाली जाता कामा नये.

सकाळी १२.५ होतं आणि इंजिन चालू असतानाही १२.५ किंवा त्याहून कमी, तर बॅटरीत काहीच येत नाही. १३ च्या घरात घुटमळत असेल तर येतंय पण अपुरं: पट्टा, जोडण्या किंवा कार्बन. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर करंट आवरत नाही, त्याबद्दल पुढे आहे.

डायनामोवाल्यांनी एक लक्षात ठेवा. सहा-सातशेच्या मंद फेऱ्यांवर डायनामो चार्ज करतच नाही, आणि तेव्हा डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणणं हा दोष नाही. रेस वाढवल्यावर दिवा विझला पाहिजे आणि अँपिअरमीटरचा (बॅटरीत येणारा-जाणारा करंट दाखवणाऱ्या मीटरचा) काटा मधल्या शून्यावरून अधिककडे गेला पाहिजे. काटा सुरुवातीला जास्त दाखवून काही मिनिटांत शून्याजवळ येतो, यालाही लोक घाबरतात. ते उलट चांगलं लक्षण आहे. एका सेल्फला साधारण ३०० अँपिअर पाच सेकंद लागले असं धरलं तर खर्च अर्ध्या अँपिअर-तासाहून कमी झाला, आणि तो काही मिनिटांत भरून निघतो.

पट्टा

इंजिन बंद करून दोन पुल्यांच्या मधल्या लांब भागावर अंगठ्याने दाबा. पट्टा १० ते १५ मिलिमीटर दबला तर ठीक. डायनामोची पुली हाताने धरून पट्टा न हलता फिरवता आली, तर तो घसरतोय. पट्टा नुसता घट्ट असून भागत नाही, तो पुलीच्या खाचेत बाजूंनी धरायला हवा. झिजलेला पट्टा खाली सरकून खाचेच्या तळाला टेकतो. खाचेचा तळ आरशासारखा चकचकीत दिसला की समजा पट्टा किंवा पुली संपली आहे. अशा वेळी कितीही ताणलं तरी तो घसरणारच, आणि जास्त ताणल्यावर वॉटर पंपाचं आणि डायनामोचं बेअरिंग जाईल ते वेगळंच. बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांत याच पट्ट्यावर पंखा आणि वॉटर पंपही असतो. म्हणून चार्जिंग कमी आणि इंजिनही गरम होतंय अशा दोन तक्रारी एकत्र आल्या तर आधी इकडे बघा.

जोडण्या: इथे घाई करू नका

माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त दुखणी इथेच सापडतात आणि सगळ्यात कमी लक्षही इथेच दिलं जातं. नुसतं बघून जोडणी चांगली की वाईट हे ठरत नाही. तिच्यात किती व्होल्ट खाल्ले जातात ते मोजावं लागतं.

इंजिन दीड हजारावर, दिवे चालू. मीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्ह शिशावर आणि दुसरी डायनामोच्या किंवा आल्टरनेटरच्या उघड्या धातूच्या अंगावर. आकडा ०.२ व्होल्टच्या आत हवा. नंतर एक सुई बॅटरीच्या पॉझिटिव्ह शिशावर आणि दुसरी आल्टरनेटरच्या जाड वायरीच्या टर्मिनलवर. इथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालेल. डायनामो असेल तर कटआउटच्या 'ए' टर्मिनलवर (बॅटरीकडे वायर जाते त्या) सुई लावून हेच मोजा. जिथे जास्त येईल त्या वाटेवर एकेक जोडणी ओलांडत सुई पुढे सरकवा. ज्या जोडणीच्या अलीकडे-पलीकडे आकडा उडी मारेल, तिथेच दोष आहे.

अर्थच्या बाजूला जास्त आलं तर बॅटरीची अर्थची पट्टी जिथे चेसिसला बसते तो बोल्ट उघडा. दसऱ्याआधी ट्रॅक्टरला रंग मारून घेतात, तेव्हा स्प्रेवाला बोल्टासकट सगळ्यावर फवारा मारतो. आमच्या भागात एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर रंगकामानंतरच चार्जिंग सोडून बसला होता. बॅटरी बदलली, डायनामो भरून आणला, गुण नाही. अर्थची पट्टी सोडली तर लगच्या खाली निळ्या रंगाचा अखंड थर, आणि त्यात बोल्टाच्या आट्यांपुरतीच काय ती धातूची गाठभेट. लगच्या आकाराएवढा रंग तारेच्या ब्रशने धातूपर्यंत खरवडला, लग पॉलिश पेपरने घासला, आवळला आणि काटा अधिककडे गेला. आपल्याकडे अर्थची गरज बॅटरीलाच नाही तर डायनामोच्या ब्रॅकेटलाही आहे, कटआउटच्या 'ई' टर्मिनललाही आहे. तिन्ही जागा धातूपर्यंत साफ करा.

बॅटरीच्या लगवर पांढरा-हिरवा क्षार धरला असेल तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा. ते पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नका. लगच्या आतली बाजू आणि शिशाचं टर्मिनल दोन्ही घासून चकचकीत करा, घट्ट आवळा आणि मग वरून ग्रीसचा किंवा व्हॅसलिनचा पातळ हात फिरवा. लगपाशी वायर फुगलेली, कडक झालेली वाटली तर प्लॅस्टिक थोडं कापून बघा. आत तांब्याची हिरवी पूड झालेली असते आणि शाबूत राहिलेले दोन-चार धागेच सगळा भार ओढत असतात. अशी वायर साफ होत नाही, बदलावीच लागते.

डॅशबोर्डच्या मागे हात घालून अँपिअरमीटरचे दोन नट बघायला विसरू नका. जुन्या ट्रॅक्टरांत चार्जिंगचा सगळा करंट त्यातून जातो. नट ढिला असला की तिथे उष्णता होते, वायरीचं प्लॅस्टिक तपकिरी पडतं, आणि शेवटी चार्जिंगच तुटतं. बॅटरीची अर्थ सोडूनच हे नट आवळा. शेडमध्ये पावसाळाभर उभा असलेला ट्रॅक्टर असेल तर उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही याच वेळी शोधा. बॅटरीच्या पेटीखाली आणि डॅशबोर्डच्या मागे त्यांना घर करायला आवडतं.

एवढं करूनही चार्ज होत नसेल: डायनामो

डायनामो चांगला की वाईट हे त्याला कटआउटपासून वेगळं केल्यावरच कळतं. 'डी' आणि 'एफ' या दोन्ही वायरी सोडून बाजूला बांधा, कुठे टेकू देऊ नका. आता डायनामोच्या या दोन टर्मिनलना छोट्या वायरीने एकमेकांशी जोडा. मीटरची एक सुई या जोडावर, दुसरी डायनामोच्या अंगावर. इंजिन चालू करून रेस अगदी हळूहळू वाढवा. आकडा वेगाने चढत १५-२० पर्यंत गेला की लगेच रेस सोडा, डायनामो चांगला आहे. रेग्युलेटर नसल्यामुळे आकडा वाढतच जाईल, म्हणून इंजिन जोरात नेऊ नका आणि ही तपासणी काही सेकंदांतच संपवा.

आकडा शून्य असेल तर कार्बन टेकत नसणार. अर्धा-एक व्होल्टवर अडकला तर फिल्डची (चुंबक तयार करणारी) गुंडाळी संशयित. चार-पाच व्होल्टवर थांबला तर आर्मेचर (मधला फिरणारा भाग). शेवटची दोन कामं इलेक्ट्रिशियनची, पण कार्बन तुम्ही बघू शकता. मागचं झाकण काढून कार्बन त्याच्या घरात बोटाने हलवून पाहा. तो सहज खालीवर व्हायला हवा. धूळ आणि तेलाने चिकटून बसला असेल तर पेट्रोलने पुसून काढा आणि पूर्ण वाळू द्या. निम्म्याहून जास्त झिजलेला असेल तर बदला. ज्या तांब्यावर कार्बन घासतो तो कम्युटेटर काळा पडला असेल तर बारीक पॉलिश पेपरची पट्टी त्याच्याभोवती धरून आर्मेचर फिरवा. एमरी पेपर वापरू नका, त्याचे कण वीज वाहून नेतात आणि तांब्याच्या पट्ट्यांमधल्या फटीत अडकतात.

मागच्या झाकणाच्या मध्यावर तेलाचं छोटं भोक असतं. तिथे इंजिन ऑइलचे दोन-तीन थेंब अधूनमधून सोडायचे. जास्त सोडलं तर तेल कार्बनवर जातं.

डायनामो भरून आणलाय, तपासणीत ठीक आहे, तरी चार्ज करत नाही किंवा काटा उलटा जातोय, असं झालं तर त्यातली उरलेली चुंबकशक्ती गेलेली किंवा उलटलेली असते. दोन्ही वायरी सोडलेल्या ठेवून बॅटरीच्या अर्थ नसलेल्या टर्मिनलवरून एक वायर घ्या आणि डायनामोच्या 'एफ'वर एक-दोन सेकंद टेकवा. बारीक ठिणगी उडेल, तेवढं पुरे. ठिणगी बॅटरीपाशी उडू नये म्हणून वायर आधी बॅटरीला पक्की करा आणि मग दुसरं टोक डायनामोला लावा. ही पद्धत 'डी' आणि 'एफ' अक्षरं असलेल्या लुकास (ब्रिटिश कंपनी) पद्धतीच्या डायनामोसाठी आहे.

डायनामो ठीक निघाला तर दोष त्याच्या वायरींत किंवा डबीत. 'एफ'ची वायर वाटेत अंगाला घासून शॉर्ट झाली असेल तर चार्जिंग बंद पडतं. तीच 'डी'ला चिकटली तर डायनामो बेलगाम होतो. डबीचं झाकण उघडून काळे पडलेले पॉइंट दिसले तर बॅटरीची अर्थ सोडून ते बारीक पेपरने साफ करा. स्क्रू मात्र फिरवू नका. त्या सेटिंगला अचूक मीटर आणि सराव लागतो, आणि कटआउटचे पॉइंट हाताने दाबून तर कधीच जोडू नका. इंजिन बंद असताना ते जोडले गेले की बॅटरीचा सगळा करंट डायनामोत शिरतो आणि वायरिंग पेटते. कटआउट आपणहून चिकटला तरी हेच होतं: ट्रॅक्टर बंद, तरी काटा पार उणेकडे आणि डायनामो हाताला गरम. अशा वेळी दुसरं काही न बघता आधी बॅटरी सोडा.

आल्टरनेटर असेल तर

सुरुवात लाल दिव्यापासून करा. चावी दिली, इंजिन बंद आहे, तेव्हा तो पेटलाच पाहिजे. बऱ्याच आल्टरनेटरांत सुरुवातीचा करंट याच दिव्यातून मिळतो. तो बल्ब उडाला असेल तर आल्टरनेटर चांगला असूनही जागा होत नाही, किंवा खूप रेस दिल्यावरच होतो. हल्ली या जागी एलईडी बसवलेला दिसतो. त्यातून पुरेसा करंट जात नाही. तिथे साधा दोन-सव्वादोन वॉटचा बल्बच हवा.

मग चावी चालू, इंजिन बंद ठेवून स्क्रूड्रायव्हरचं टोक पुलीच्या नटाजवळ किंवा मागच्या बेअरिंगपाशी न्या. ते खेचल्यासारखं वाटलं तर रोटरला (आतल्या फिरत्या चुंबकाला) करंट मिळतोय. काहीच ओढ नसेल तर दिव्याची वायर, आतले कार्बन किंवा रेग्युलेटर बघायचे. चावी लगेच बंद करा.

त्यानंतर जाड वायरीच्या टर्मिनलवर मोजा. इंजिन बंद असतानाही तिथे बॅटरीइतकेच व्होल्ट दिसले पाहिजेत. शून्य आलं तर वायर, फ्यूज किंवा अँपिअरमीटरची वाट तुटली आहे. अशी तुटलेली वाट असताना इंजिन चालू ठेवू नका. बॅटरीवर आणि या टर्मिनलवर सारखे आकडे आणि इंजिन चालू असताना १२.५च्या वर जात नाही, तर आल्टरनेटर उतरवून दुकानात न्या. डायोड गेल्याची एक खूण घरीच दिसते: चालू इंजिनवर मीटर एसीवर ठेवून बॅटरीवर मोजलं तर अर्ध्या व्होल्टहून जास्त एसी येतं, किंवा लाल दिवा मंद तेवत राहतो.

चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून 'इंजिन बंद पडतं का बघू' ही तपासणी आल्टरनेटरला मारते. डिझेल इंजिन बॅटरी काढल्यावर तसंही चालूच राहतं, त्यामुळे त्यातून काही कळतही नाही. ट्रॅक्टरवर किंवा जोडलेल्या अवजारावर वेल्डिंग करायचं असेल तर बॅटरीच्या दोन्ही वायरी आणि आल्टरनेटरची जाड वायर आधी सोडा.

जास्त चार्जिंग आणि रात्रीत उतरणारी बॅटरी

पाणी सारखं कमी होतंय, बॅटरीला सडक्या अंड्यासारखा वास येतोय, बल्ब वरचेवर उडतायत, तर रेस वाढवून मोजा. १५ च्या वर गेलं तर डबीची किंवा रेग्युलेटरची अर्थ आणि 'एफ'ची वायर बघा. त्या ठीक असतील तर रेग्युलेटर बदला. हा दोष चालवून घेण्यासारखा नाही, कारण प्लेटा गळतात आणि बॅटरी फुटूही शकते.

चार्जिंग ठीक आहे पण दोन दिवस उभा राहिला की बॅटरी उतरते, ही वेगळी तक्रार. सगळं बंद करा, बॅटरीची अर्थ सोडा आणि सुटलेली वायर आणि बॅटरीचं टर्मिनल यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प जोडा. जुन्या ट्रॅक्टरवर चावी बंद असताना काही चालायला नको, म्हणजे बल्ब किंचितही पेटता कामा नये. पेटला तर एकेक वायर सोडत जा: गाण्यांचा टेप, ट्रॉलीच्या दिव्यांचा सॉकेट, ब्रेकलाइटचा स्विच, शेवटी आल्टरनेटरची जाड वायर. जी सोडल्यावर बल्ब विझेल तिथे गळती. टेस्ट लॅम्प जोडलेला असताना सेल्फ मारू नका.

भार किती आणि उत्पन्न किती

ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांत सगळं तपासूनही बॅटरी उतरते, तेव्हा एकदा बेरीज करून बघा. दोन हेडलाइट ४५ वॉटचे म्हणजे साडेसात अँपिअर. मागचा शेतीचा दिवा तीन-चार, ट्रॉलीचे दिवे आणि इंडिकेटर दोन-तीन. झाले चौदा. जुना डायनामो पूर्ण वेगात २० ते २२ अँपिअर देतो, आणि कारखान्याच्या रांगेत मंद फेऱ्यांवर काहीच देत नाही. त्यावर दहा अँपिअरचा ॲम्प्लिफायर आणि रंगीत पट्ट्या लावल्या तर दोष शोधून सापडणार नाही, कारण दोष नाहीच. रांगेत उभं असताना दिवे आणि टेप बंद ठेवा, हेडलाइट चांगल्या एलईडीचे करा, नाहीतर आल्टरनेटर बसवा.

डायनामो काढून आल्टरनेटर बसवण्याच्या मी बाजूने आहे. ३५ अँपिअरच्या आसपासचा साधा आल्टरनेटर या कामाला पुरतो आणि मंद फेऱ्यांवरही चार्ज करतो. पण तो बसवताना जुनी डबी वाटेतून पूर्ण काढायची, डायनामोची जुनी वायर तशीच वापरायची नाही. बॅटरीपर्यंत किमान ६ चौरस मिलिमीटरची, लांब असेल तर १० ची तांब्याची वायर टाकायची. जुना अँपिअरमीटर ३० अँपिअरचा असेल तर त्याला वाटेतून काढून त्या जागी व्होल्टमीटर लावायचा. पॉझिटिव्ह अर्थ असेल तर आधी बॅटरी फिरवून निगेटिव्ह अर्थ करायची. पुली जुन्या पट्ट्याच्या रुंदीची आणि बाकीच्या दोन पुल्यांच्या सरळ रेषेत हवी. रेषा जुळली की नाही ते लांब पट्टी पुल्यांच्या तोंडाला लावून बघा. लाल दिव्याची वायर आल्टरनेटरच्या बारीक टर्मिनलला द्यायची. सगळं आवळून झाल्यावर वर सांगितलेले तीन आकडे पुन्हा घ्या, आणि आठवडाभर काम झाल्यावर पट्टा परत एकदा ताणा, कारण नवा पट्टा सुरुवातीला थोडा सैल पडतो.